बाहत्तरच्या दुष्काळावरचं पुस्तक : प्रकरणं कशी पाडायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातले निवृत्त शिक्षक आहेत. १९७२च्या दुष्काळात आपल्या तालुक्यात काय घडलं यावर त्यांना पुस्तक लिहायचं आहे. दुष्काळी कामांवर राबलेल्या माणसांच्या मुलाखती, वर्तमानपत्रांची कात्रणं, ग्रामपंचायतीचे ठराव आणि काही फोटो एवढा ऐवज त्यांच्यापाशी जमलेला आहे. त्यांनी एकोणीस प्रकरणांची यादीही केली आहे : भौगोलिक पार्श्वभूमी, दुष्काळांचा इतिहास, पर्जन्यमान, शेती, पाणी, जनावरे, स्त्रिया, आरोग्य, शिक्षण, स्थलांतर, दुष्काळी कामे, शासनाची भूमिका, राजकीय पक्ष, असं करत करत समारोपापर्यंत. पण लिहायला बसलं की चौथ्या-पाचव्या पानावर गाडी अडते. आराखड्यात काही चुकलं आहे का, आणि तो करायचा तरी कसा, असं ते विचारतात.

नमस्कार सर. गाडी अडते ती आराखड्यामुळेच, असं तुमची यादी पाहून मला वाटतं. मराठीत माहितीपर आणि इतिहासपर पुस्तकांच्या संहिता संपादित करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अडलेल्या लेखकांपैकी बहुतेकांच्या हातात अशीच यादी असते. साहित्य भरपूर, तळमळ खरी, भाषा चांगली, आणि पहिलं प्रकरण 'भौगोलिक पार्श्वभूमी'.

तुमच्या यादीचा साचा जिल्हा गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्ह्याची विषयवार माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा आहे. गॅझेटिअर त्याच्या जागी उत्तमच. पण ते कुणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही. ज्याला पावसाचे आकडे हवेत तो त्या पानावर जातो, आकडे टिपतो आणि मिटून ठेवतो. म्हणजे प्रश्न वाचकाने आपल्याबरोबर आणलेला असतो. तुमच्या पुस्तकाचा वाचक रिकाम्या हाताने येणार आहे. त्याच्या मनात प्रश्न पुस्तकानेच निर्माण करायचा, आणि प्रकरणामागून प्रकरण तो पुढे नेत राहायचा. म्हणून अनुक्रमणिका करताना विषय लिहून ठेवू नका, प्रश्न लिहा. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा तपशील.

आधी पुस्तकाचा एक मोठा प्रश्न ठरवा. '१९७२चा दुष्काळ' हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे? तुमच्या पत्रात तो आहे, फक्त तुम्ही तो ओघात लिहून गेलात. तुम्ही लिहिलंत की लागोपाठ तीन वर्षं पिकं गेली, घरात दाणा नव्हता, तरी तुमच्या गावात लोक शहात्तरच्या दुष्काळासारखे मेले नाहीत, आणि हे कसं झालं ते तुमच्या विद्यार्थ्यांना माहीतच नाही. (इथे शहात्तर म्हणजे १८७६.) हाच प्रश्न! तो असा लिहा : 'आमच्या तालुक्यातली माणसं १९७२-७३ मध्ये जगली कशी, आणि त्या जगण्याची किंमत कोणी किती मोजली?' वाक्याचा दुसरा अर्धा भाग गाळू नका. पहिल्याच अर्ध्यावर थांबलात तर सरकारी यशोगाथा होईल, नुसत्या दुसऱ्यावर राहिलात तर तक्रारींची वही होईल. दोन्ही एकत्र धरलेत तर पुस्तक होईल.

हा प्रश्न कागदावर लिहून टेबलासमोर लावा. आता तुमच्या यादीतला एकेक विषय त्यासमोर धरून बघा. 'भौगोलिक पार्श्वभूमी' या प्रश्नाला काय उत्तर देते? तालुक्याचं क्षेत्रफळ, नद्या, सीमा : काहीच नाही. पण त्याच्या पोटात एक जबरदस्त गोष्ट दडलेली आहे. तुमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण आहे, प्रवरेचे कालवे आहेत, १९५०पासून सहकारी साखर कारखाना आहे. आणि दक्षिणेला पावसाच्या भरवशावरची ज्वारी-बाजरी. एकाच जिल्ह्यात हे दोन मुलूख. दुष्काळात दक्षिणेचा माणूस उत्तरेकडे गेला का, गेला तर त्याला कोणी कशावर ठेवून घेतलं, हा प्रश्न तुमच्या मोठ्या प्रश्नाला थेट भिडतो. म्हणजे भूगोल जातो स्थलांतराच्या प्रकरणात, जिथे त्याला काम आहे.

'स्त्रिया' या प्रकरणाबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो, कारण ही खोड आपल्याकडे फार पसरलेली आहे. दुष्काळी कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडायला, माती वाहायला, पाझर तलावाच्या भरावावर. तुमच्या मुलाखतींतही निम्म्याहून जास्त बोलणाऱ्या बायकाच आहेत असं तुम्ही म्हणता. मग त्यांना सातव्या प्रकरणात एकत्र बसवल्यावर उरलेली अठरा प्रकरणं कुणाची? मजुरी मोजली गेली ती त्यांचीही मोजली गेली. मिलोची (आयात केलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापली ती त्यांनीच. तान्ही मुलं कामावर घेऊन गेल्या त्याही त्याच. त्या प्रत्येक प्रकरणात यायला हव्यात, म्हणून त्यांचं वेगळं प्रकरण नको. 'शिक्षण' आणि 'आरोग्य' यांनाही हेच लागू पडतं. तुम्ही स्वतः शिक्षक होता. शाळेचा हजेरीपट आणि कामावरचा हजेरीपट शेजारी ठेवता आले, तर एका परिच्छेदात जे कळेल ते 'शिक्षणावरील परिणाम' या प्रकरणाच्या पंधरा पानांत कळणार नाही.

आता तुमच्या साहित्यावरून मी एक कच्चा आराखडा मांडून दाखवतो. तो जसाच्या तसा उचलू नका. प्रश्नातून प्रश्न कसा निघतो तेवढं बघा.

पहिलं प्रकरण १९७३च्या उन्हाळ्यात, एका कामावर. त्या वर्षीच्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या घरात. म्हणजे तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरले तरी दहांतला एक जण खडी फोडत होता किंवा माती वाहत होता. हे चित्र तुमच्या तालुक्यातल्या एकाच कामापुरतं, तुमच्या माणसांच्या तोंडून उभं करा. प्रकरण संपेल तेव्हा वाचक विचारेल, ही सगळी माणसं इथवर आली कशी?

दुसरं प्रकरण त्याचं उत्तर. पाऊस कमी झाला आणि लोक उपाशी राहिले, एवढं सरळ ते नसतं. पीक बुडालं की शेतमजुराची मजुरी आधी बुडते. बागाईतदाराचं कणगं नंतर रिकामं होतं. आधी भूमिहीन, मग दोन-चार एकरवाले, मग ज्यांच्या वाड्यावर बलुतं न्यायला लोक यायचे तेही कामावर आले. हा क्रम तुमच्या मुलाखतींमध्ये आहे. पर्जन्यमानाचे आकडे आणि आणेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) इथे येतील, तीही या क्रमाला आधार म्हणून. आणेवारी कोण काढतं, कशी काढतं, आणि तिच्यावर काय काय अवलंबून असतं हे दोन पानांत नीट समजावून सांगा. आजच्या शहरी वाचकाला ते अजिबात माहीत नसतं.

मग साहजिक प्रश्न येतो : काम मिळालं कसं? सरकारने काम काढलंच पाहिजे ही समजूत लोकांमध्ये आणि तहसीलदाराच्या कचेरीत आली कुठून? तुमचं 'दुष्काळांचा इतिहास' हे प्रकरण खरं तर इथलं आहे. १८७६-७८चा दुष्काळ, त्यात इंग्रज सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी कमी केल्यावर मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली तो प्रसंग, १८८०चा दुष्काळ आयोग, त्यातून आलेल्या दुष्काळसंहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली. हे सगळं दुसऱ्या क्रमांकावर 'इतिहास' म्हणून वाचायला दिलंत तर वाचक चाळून पुढे जाईल. 'काम मागायला गेलेल्या तुमच्या आजोबांना हक्क वाटत होता की उपकार?' या प्रश्नाच्या पोटात दिलंत तर तो एक ओळ सोडणार नाही. महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला, त्यामुळे कागदोपत्री 'टंचाई'. या गोष्टीची जागाही इथेच.

चौथं प्रकरण माझ्या मते पुस्तकाचा कणा ठरेल. कामावरचा एक दिवस आणि मजुरीचा हिशेब. मस्टर (मजुरांचा हजेरीपट), मुकादम, ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) होणारी मोजणी, मोजमाप पुस्तकातली नोंद आणि हातात पडलेले पैसे. किती खडी फोडली की किती मिळायचे, मोजणी कोण करायचं, पगार किती आठवडे तुंबायचा, मस्टरवर कुणाची खोटी नावं असायची. तुमच्याकडे याचं साहित्य सगळ्यात जास्त आहे आणि छापील पुस्तकांत हे सगळ्यात कमी सापडतं. इथे हात आखडता घेऊ नका. बाकीच्या प्रकरणांच्या दुप्पट झालं तरी चालेल.

पाचवं ताटाचं : रेशन, अमेरिकेहून आलेली लाल मिलो, कामावर वाटलेली सुकडी (कोरडा पौष्टिक आहार). सहावं गोठ्याचं : जनावर विकायचं, छावणीत न्यायचं की दावं सोडून द्यायचं, हा निर्णय घरात कोणी आणि कधी घेतला. सातवं, जे गाव सोडून गेले त्यांचं. आठवं, ज्यांना काम करताच येत नव्हतं त्यांचं : म्हातारे, आजारी, बाळंतिणी. नववं, त्या वेळी बांधलेल्या पाझर तलावांचं आणि रस्त्यांचं आज काय झालं. तलावाखालच्या विहिरींना पाणी आलं, तर त्या विहिरी कुणाच्या? किंमत कोणी मोजली या प्रश्नाची धार इथे सर्वांत जास्त लागते, कारण माती वाहणारा भूमिहीन आणि पाणी मिळालेला जमीनवाला ही दोन वेगळी माणसं आहेत.

दहाव्यात तालुक्याबाहेर या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे आणि रोजगार हमीची कल्पना; १९७५चा व्यवसाय कर, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर खेड्यातलं काम; १९७७चा कायदा, २६ जानेवारी १९७९पासून त्याची अंमलबजावणी, आणि २००५ साली देशभरासाठी आलेला कायदा. हे प्रकरण पुस्तकाच्या सुरुवातीला ठेवायचा मोह अनेकांना होतो, कारण यात मोठी नावं आहेत. शेवटाकडेच ठेवा. मस्टरवरची माणसं वाचून झाल्यावर कायद्याचं एकेक कलम वाचकाला वेगळं दिसतं. अकरावं आणि शेवटचं, २०१२-१३च्या दुष्काळाशी तुलना. तेव्हा धान्य नव्हतं, आता धान्य होतं पण पाणी टँकरने आणावं लागत होतं. तुमच्या मुलाखतींतल्या म्हाताऱ्या माणसांनी हे स्वतःच सांगितलं आहे. त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

एकोणीसची अकरा झाली आणि तुमचं काहीही वाया गेलं नाही.

पार्श्वभूमी सुरुवातीला नको, असं मी म्हणतो तेव्हा अभ्यासू लेखकांना ते उथळ वाटतं. वाचकाला खूश करायला शास्त्र बाजूला ठेवायचं का, असं ते विचारतात. त्यांना मी टिळकांचं 'गीतारहस्य' काढून त्याची अनुक्रमणिका वाचायला सांगतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. त्याला उथळ कोण म्हणेल? गीतेवर लिहायचं तर ती कधी रचली गेली, महाभारताशी तिचा संबंध काय, उपनिषदांशी काय, ही चर्चा आधी यायला हवी अशी कुणाचीही अपेक्षा असेल. टिळकांनी हा सगळा भाग 'गीतेचे बहिरंगपरीक्षण' या नावाने परिशिष्टात नेला. विषयप्रवेश झाला की दुसरंच प्रकरण 'कर्मजिज्ञासा'. दोन कर्तव्यांचा झगडा लागला तर माणसाने काय करावं? अर्जुनाचा पेच तिथे वाचकाचा पेच होतो. तो एकदा मनात रुतला की कापिलसांख्य, अध्यात्म, कर्मविपाक अशा अवघड वाटा वाचक चालून जातो, कारण आपण कशाच्या शोधात आहोत ते त्याला माहीत असतं. 'संन्यास व कर्मयोग' हा ग्रंथाचा खरा वाद. तो येतो अकराव्या प्रकरणात, दहा प्रकरणांची तयारी झाल्यावर. पंधरा प्रकरणांतल्या प्रत्येकाची जागा अशी आधीच्यावर उभी आहे. आणि चौदावं प्रकरण आहे 'गीताध्यायसंगति', म्हणजे गीतेचे अठरा अध्याय एकमेकांत कसे गुंफले आहेत त्याची चर्चा. प्रकरणं पाडणाऱ्या माणसाने ते मुद्दाम वाचावं. तुमचा विषय तत्त्वज्ञानाचा नाही, पण 'हे प्रकरण याच जागी का?' असं स्वतःला विचारायची सवय त्यातून लागते.

आता प्रत्यक्ष हाताने करायचं काम. पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापून घ्या. मुलाखतीतला एक प्रसंग, कात्रणातली एक बातमी, एक ठराव, एक आकडा : प्रत्येकाला एक कागद. त्यावर तीनच गोष्टी लिहा : काय आहे, कुठून आलं (मुलाखत असेल तर तिचा क्रमांक आणि ध्वनिमुद्रणातलं मिनिट), आणि वरच्या प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाला ते उपयोगी पडतं. प्रकरणाचा क्रमांक लिहू नका, क्रमांक बदलत राहतात. कॉम्प्युटरवर हात बसला असेल तर हेच एक्सेलमध्ये करा, फायदा तोच. मात्र पहिल्यांदा तरी सगळे कागद जमिनीवर पसरून बघावेत असं मला वाटतं. एका प्रश्नाखाली पन्नास कागद आणि दुसऱ्याखाली दोनच, हे डोळ्यांना एका क्षणात दिसतं.

हे करताना मुलाखती तुटतील. एका आजींचं बोलणं चार प्रकरणांत विभागलं जाईल, आणि तुम्हाला ते जिवावर येईल. त्यावर उपाय आहे. तीन-चार माणसं अशी निवडा की जी पुस्तकभर भेटत राहतील. एक भूमिहीन बाई, एक लहान शेतकरी, एखादे मुकादम किंवा मस्टर कारकून, आणि गाव सोडून गेलेलं एक कुटुंब. पहिल्या प्रकरणात या चौघांची ओळख होऊ द्या. पुढे प्रत्येक प्रकरणात त्यांतलं कुणी ना कुणी येईल. वाचक प्रश्नाचा धागा धरून चालतोच, पण त्याला माणसंही हवी असतात. ज्यांची मुलाखत अखंड द्यावी असं मनापासून वाटतं अशा एक-दोन परिशिष्टात पूर्ण छापा. त्यांच्या बोलीला हात लावू नका. कुणाची नावं बदलायची हेही आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवून टाका. मस्टरमधली खोटी नावं, जमिनीचे जुने व्यवहार यांवर बोललेल्या माणसांची मुलंबाळं त्याच गावात राहतात.

कागद पसरल्यावर जिथे दोनच कागद दिसतात, त्या जागा नीट बघा. माझ्या मते आराखड्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. तुमचं पत्र वाचून मला दोन ठिकाणी पोकळी दिसते. गाव सोडून गेले आणि परतलेच नाहीत, त्यांच्यापैकी कुणाचीही मुलाखत नाही. ते साहजिक आहे, कारण तुम्ही मुलाखती गावात घेतल्या. मुंबईत, पुण्यात किंवा प्रवरेकाठी स्थायिक झालेल्यांपैकी दोघे-तिघे शोधावे लागतील. दुसरी पोकळी कचेरीच्या बाजूची : तलाठी, कारकून, बांधकाम खात्याचे ओव्हरसिअर. त्यांची बाजू आली नाही तर चौथं प्रकरण एकतर्फी होईल. १९७२ साली जो विशीत होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणून लिहायला सुरुवात करायच्या आधी आराखडा पुरा करा आणि त्याने दाखवलेल्या माणसांकडे आधी जा. कागदपत्रं वाट बघतील, ही माणसं वाट बघू शकत नाहीत.

प्रत्येक प्रश्नाखाली, कागद बघून, उत्तराचं एक पूर्ण वाक्य लिहा. 'मजुरीविषयी माहिती' हे वाक्य झालं नाही. 'मजुरीचा दर सरकारने ठरवला, पण हातात किती पडायचं ते मोजणी करणाऱ्यावर अवलंबून होतं' हे वाक्य झालं. कुणी त्याच्याशी वाद घालू शकतो, आणि तुम्हाला ते पुराव्याने सिद्ध करावं लागतं. वाक्य लिहिता येत नसेल तर एक तर साहित्य कमी आहे किंवा ते प्रकरणच नाही. दुसऱ्या प्रकरणात विरघळवून टाका. अकरा वाक्यं झाली की एकाखाली एक लिहून एखाद्या चोखंदळ मित्राला वाचून दाखवा. दोन वाक्यांच्या मध्ये त्याने 'मग?' विचारलं आणि पुढच्या वाक्याने त्याला उत्तर मिळालं, तर क्रम बरोबर आहे. 'हे मध्येच कुठून आलं?' असं विचारलं तर ते प्रकरण हलवा.

उत्तराची वाक्यं लिहिताना ऐकीव गोष्टींची चाळणीही होऊन जाते. दोन-तीन मुलाखतींत आलं आहे की गाजर गवत बाहत्तरच्या मिलोबरोबर आलं. ही समजूत महाराष्ट्रभर आहे, पण ते गवत पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकाच्या मध्यावरच नोंदलं गेलं होतं. याचा अर्थ ती मुलाखत टाकून द्या असा नाही. लोकांनी त्या गवताची सांगड मिलोशी घातली, यातून परक्या धान्याविषयीची त्यांची भावना कळते. पाचव्या प्रकरणात तिची जागा आहे, फक्त समजूत म्हणून. तथ्य कोणतं आणि आठवण कोणती हे त्या कागदावरच लिहून ठेवलं की सहा महिन्यांनी लिहिताना घोळ होत नाही.

पानांचा हिशेब झटपट करून टाकू. डेमी आकारात एक फर्मा (छापून घडी घातलेला मोठा कागद) १६ पानांचा. पंधरा फर्मे धरले तर २४० पानं, म्हणजे साधारण ६० ते ६५ हजार शब्द. मनोगत, परिशिष्टं, सूची वजा केली तर अकरा प्रकरणांना सरासरी पाच-पाच हजार शब्द येतात. सरासरी फक्त प्रकाशकाशी बोलण्यापुरती. चौथं प्रकरण नऊ हजारांचं आणि आठवं तीन हजारांचं झालं तर होऊ द्या. सगळी प्रकरणं सारख्या लांबीची करायला गेलात की कुठे पाणी घालावं लागतं आणि कुठे जिवंत भाग कापावा लागतो. प्रकाशकाला आराखडा पाठवताना प्रत्येक प्रकरणाचा प्रश्न, उत्तराचं वाक्य आणि त्याखाली चार-पाच ओळींत साहित्य कोणतं आहे ते लिहा. नमुन्यादाखल एक पूर्ण प्रकरण जोडा.

आराखडा तपासायची आपल्याकडची एक जुनी रीत आहे, ती मी नेहमी वापरतो. ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवावं यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, सहा खुणा सांगितल्या आहेत. टिळकांनीही पहिल्याच प्रकरणात त्यांचा आधार घेतला आहे :

उपक्रमोपसंहारौ अभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिंगं तात्पर्यनिर्णये ॥

तयार ग्रंथ वाचणाऱ्यासाठी हे सांगितलं आहे, पण लिहिणाऱ्यालाही ते तितकंच उपयोगी पडतं. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट एकाच गोष्टीविषयी बोलतात का? तुमच्या जुन्या यादीत आरंभाला तालुक्याच्या सीमा होत्या आणि शेवटाला 'उपाययोजना व शिफारशी'. त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा येणं : 'किंमत कोणी मोजली' हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात निदान एकदा डोकावतो का? उपपत्ती, म्हणजे पुरावा, आपण कागदांवर पाहिलाच. मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो अर्थवादाचा. अर्थवाद म्हणजे मूळ विधानाला उठाव देणारा, पण स्वतः विधान नसलेला मजकूर. मंत्र्यांचे दौरे, गावात आलेल्या पाहुण्यांची भाषणं, सुकडी वाटतानाचे किस्से. हे असावं, त्याने रंगत येते. पण त्याचं प्रकरण होऊ देऊ नका. तुमच्या यादीतलं 'राजकीय पक्ष' हे प्रकरण मला असंच वाटलं. मोर्चा निघाला आणि त्यामुळे काम सुरू झालं असा तुमच्या तालुक्यात पुरावा असेल तर ते तिसऱ्या प्रकरणात घाला. नसेल तर भाषणं सोडून द्या.

एवढं झाल्यावर पहिल्या प्रकरणापासून लिहायला घेऊ नका. चौथं आधी लिहा, मस्टरचं. तिथे साहित्य सर्वांत भरीव आहे, त्यामुळे हात मोकळा होईल आणि पुस्तकाचा आवाज सापडेल : 'मी' किती यायचा, बोली किती ठेवायची, आकडे मजकुरात द्यायचे की तक्त्यात. ते लिहून झालं की अकराही वाक्यं परत वाचा. तीन-चार बदलावीशी वाटतील, एखादं प्रकरण दोनांत फुटेल, एखादं गळून जाईल. ते बदल करा, नवा आराखडा स्वच्छ लिहून काढा, आणि मग पहिल्या प्रकरणाला बसा. चौथ्याचा कच्चा खर्डा तयार झाला की हवा असेल तर मला पाठवा. मोजणीचा भाग मी बारकाईने वाचेन.